चालू दिव्यातला बल्ब

१८ मे १९९७

गजाननरावांनी दुसरं लग्न केलं! मला कळलं ते अंबडच्या स्टँडवर, शिवाजी कंडक्टरकडून. "बाई, परवा तुमच्या मेव्हण्याचं लगन झालं की जाफराबादला. जेवण एकदम बराबर झालं. तुम्ही कशा न्हाई आल्या?" मी हातात पिशवी घेऊन उभी. माझ्या धाकट्या बहिणीला, दुर्गाला, जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. वर्ष!

जेवले नाही.

१९ मे

राग नक्की कुणावर आहे ते ठरत नाही. बायकांच्या मेळाव्यात विधुराच्या दुसऱ्या लग्नावर मी हवं तेवढं बोलेन, टाळ्याही घेईन. इथे एक वाक्य पुढे सरकत नाही.

२३ मे

आजवर लिहिलं नाही. आज लिहिते, एकदाच.

गेल्या भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. दुर्गा नुकती न्हालेली, केस ओले, अंगावर ओलं लुगडं. त्या घरात नैवेद्याचा स्वयंपाक ओलेत्यानं करतात. महालक्ष्म्यांपुढे विजेचा दिवा: पाच वातींची पितळी समई, वातींच्या जागी ज्योतीच्या आकाराचे बल्ब. गजाननरावांनी हौसेनं आणलेली. मधला एक बल्ब गेला. बटण बंद करायचं आणि बदलायचा — शाळेतलं पोरही सांगेल. पण नाही! महालक्ष्म्या बसल्या की उठेपर्यंत त्यांच्यापुढचा दिवा मालवायचा नाही. तेलाच्या दिव्याचा नियम, तो यांनी विजेच्या दिव्यालाही लावला. तेलाच्या समईत एक वात सारताना बाकीच्या जळत राहतात, कुणाचं काही बिघडत नाही. इथे पाचही वातींत एकच करंट, आणि वायर आतून सोललेली. दुर्गानं एका हातानं पितळी दांडी धरली आणि दुसऱ्यानं चालू दिव्यातला बल्ब काढायला गेली.

उरलेले बल्ब शेवटपर्यंत जळत होते, असं चतुराबाई — तिच्या सासूबाई — येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. अभिमानानं की कशानं, देव जाणे. मी देव मानत नाही.

संपलं. आता पुन्हा लिहिणार नाही.

५ जून

जाफराबादला जाऊन आले. का गेले? भांडायला, दुसरं काय!

ओसरीवरच्या फळीवर तोच दिवा! चिंचेनं घासून लख्ख केलेला, नवी वायर, नवे बल्ब. चतुराबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"यंदाही हाच लावणार?" मी विचारलं.

"मंग काय अंधारात बसवू महालक्ष्म्या?"

"तेलाची समई लावा ना."

"लावतेच की. तेलाची बी अन् ही बी. गल्लीत समद्यांच्या घरी लायटिंग. आमचंच घर काय पाप करून बसलं?"

"लावा तर लावा! पण बल्ब गेला तर आधी बटण बंद करा. एवढंच मागते."

त्यांनी शेंग खाली ठेवली. "उमाबाई, तुमचं भाषण तिकडं स्टेजवर. माझ्या दारात नको. उभ्या महालक्ष्मीपुढं दिवा मालवून माझ्या घरात आणखी काय व्हायचं राह्यलंय?"

"न मालवून काय झालं ते पाहिलं ना?"

त्या उठून आत गेल्या. परत आल्याच नाहीत. गजाननराव मला पाहून आधीच शेताकडे निघून गेले होते. माणूस वाईट नाही. वाईट नसलेली माणसं फार असतात जगात.

नवी सून दारापर्यंत पोचवायला आली. बेबीनंदा नाव. हातातला चुडाही उतरला नाही अजून. मी तिच्याकडे पाहायचंच नाही असं ठरवून गेले होते. ती हळूच म्हणाली, "ताई, मला भ्या वाटतं त्या दिव्याचं. रोज पुसावा लागतो. मंग यंदा बल्ब गेल्यावर कोण बदलणार? मीच की."

हे सगळं तिनं हसत सांगितलं. दुर्गाही भीती वाटली की अशीच हसायची.

६ जून

भाषण नाही. दिवा! महालक्ष्म्यांच्या आधी त्या फळीवर दुसरा दिवा गेला पाहिजे.

११ जून

जालन्याला गेले. एमआयडीसीच्या अलीकडे कडूबाचं लेथचं दुकान आहे. आधी सळयांच्या मिलमध्ये होता, तिथे कुणाशी पटलं नाही. तोंडाळ माणूस. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं भाषण ऐकलं होतं मी, टाऊन हॉलमध्ये. जोरदार! काय विषय व्हता तेवढं आता याद न्हाई."

हेच माझं आयुष्य. जोरदार — आणि विषय याद नाही.

१५ जून

पहिली कल्पना अगदी सरळ होती. करंटच कमी ठेवायचा, सहा व्होल्टचे छोटे बल्ब. हात लागला तरी मुंगीसुद्धा चावणार नाही. कडूबानं जोडून लावला आणि दोघंही पाहत राहिलो. मिणमिण मिणमिण.

"बाई, ही महालक्ष्मी हाय का सायकल?"

मला हसू आलं. गेल्या भाद्रपदानंतर पहिल्यांदा. मग त्याचीच लाज वाटली.

२ जुलै

दुसरा दिवा तयार. याचा मला अभिमान वाटतो, म्हणजे वाटत होता. दांडी सागवानी, पितळ फक्त वरून शोभेला, करंटाशी त्याचा काही संबंध नाही. खोबण्या पाचही सारख्या. ज्योतीचा, गोल, लाल, पिवळा, हवा तो बल्ब हव्या त्या जागी बसवा. सगळ्यांवर मिळून एक झाकण. झाकण उघडलं की अख्खा दिवा आपोआप बंद! माणूस विसरला तरी दिवा विसरणार नाही. यात चुकायला जागाच नाही.

६ जुलै

"इझतो की हा!"

चतुराबाईंनी एवढंच म्हटलं. झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "इझतो की. हा न्हाई चालत." आणि माझ्यापुढे ताटली सरकवली. त्यात शिरा होता. मी न खाता उठले.

येताना एसटीत सगळ्या रस्त्यानं मनात भाषण चालू होतं. रूढी, विवेक, बाईचा जीव! कुणाला ऐकवायचं? शेजारी एक म्हातारा झोपलेला.

७ जुलै

शाळेत नववीला 'विद्युतधारा' शिकवला. "ओल्या हातानं..." पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर आले.

१२ जुलै

चौदा वर्षांची असताना कुठल्याशा पुस्तकात एका ग्रीक वक्त्याची गोष्ट वाचली — तोंडात खडे घालून समुद्राकाठी बोलायचा, म्हणून वाणी सुधारली. आमच्याकडे समुद्र कुठला! मी दुधना नदीच्या काठी जायची. तोंडात खडे, समोर बाभळी आणि श्रोत्यांत एकटी दुर्गा. आठ वर्षांची. पोट धरून हसायची. "ताई, गिळशील एखादा!"

तिनं माझं एकही भाषण कधी चुकवलं नाही. लग्न झाल्यावरसुद्धा. आणि माझं एकही वाक्य तिला त्या दिवशी उपयोगी पडलं नाही. 'आधी बंद कर' — तीन शब्दांचं भाषण! इतकी वर्षं व्यासपीठं गाजवली. बहिणीच्या हातापर्यंत तीन शब्द पोचवता आले नाहीत.

२० जुलै

कडूबाकडे गेले, त्याला सांगायला की सोडून दे. तो ऐकेना.

"म्हातारी काय म्हणली? इझतो. मंग न इझणारा करू की!"

मी भडकले. म्हणजे त्यांच्या नियमापुढे मान तुकवायची? ज्या नियमानं माझी बहीण नेली, त्याच नियमासाठी मी दिवा घडवायचा?

"बाई, तुम्ही जगाला सुधरवून राह्यल्या का दिवा बनवून राह्यल्या? एक काय ते ठरवा. मला लेथवर दुसरं बी काम हाय."

पिशवी उचलून परत आले.

२४ जुलै

ठरत नाही. नियम मोडायला माणसं बदलावी लागतात. त्याला एक पिढी लागेल, दोन लागतील. महालक्ष्म्या यंदाच बसणार आहेत. आणि बल्ब बदलणारा हात बेबीनंदाचा आहे.

मी तत्त्व सोडते आहे की माणूस धरते आहे? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

२५ जुलै

न विझणारा करायचा.

३ ऑगस्ट

दोन रविवार नुसते कागदावर गेले. जमतंय असं वाटतं. झाकण काढून टाकायचं. प्रत्येक बल्बाला स्वतःची पितळी पाकळी, कमळासारखी. पाकळी बाजूला फिरवल्याशिवाय बल्ब हाताला लागणारच नाही. आणि पाकळी फिरली की तिच्या मुळाशी असलेली छोटी पट्टी सरकेल, त्या एका बल्बाचा करंट तुटेल. फक्त त्याचा! बाकीचे चार जळत राहतील. तेलाच्या समईत एक वात सारावी तसं.

सगळा जीव त्या पट्टीत आहे. बाहेरून ती दिसतसुद्धा नाही.

१० ऑगस्ट

पट्टी अडकते. पाकळी फिरते, पट्टी जागची हलत नाही. म्हणजे दिसायला सुरक्षित आणि आत मरण! असला दिवा तर जुन्याहून वाईट. कडूबा म्हणाला, "होऊन जाईल." मी म्हटलं, "होऊन जाईल म्हणत म्हणतच माझी बहीण गेली." त्यानं पाना उचलला आणि पुन्हा सगळं उकलायला बसला.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन, स्वातंत्र्याची पन्नाशी. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आज पेटवा सभा!" पेटवली. पोरं उड्या मारत होती. मी बोलत होते आणि मनात एकच, पट्टी, पट्टी.

२३ ऑगस्ट

सरकली! पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मीटर लावून, ओलं फडकं लावून. शेवटी कडूबानं हात पाण्यात बुडवला आणि पाकळी फिरवून बल्ब काढला. मी ओरडलेच. त्याला काही झालं नाही. चार दिवे जळत होते, एक काळा.

घरी येऊन रडले. आनंदानं नाही.

३१ ऑगस्ट

जाफराबाद. बोलायचं नाही असं ठरवून गेले. दिवा ओसरीवर लावला आणि बाजूला बसले.

चतुराबाई दिव्याजवळ येऊन बसल्या. मग आपल्याच हातानं पाकळी फिरवली. बेबीनंदा "आत्याबाई, नका!" म्हणून पुढे धावली, तिला कोपरानं मागे सारलं. बल्ब काढला. परत लावला. दुसरा काढला.

"इझला न्हाई," म्हणाल्या.

पितळी समई फळीवरून उतरवली, नवा दिवा तिथे ठेवला. मला वाटलं, पितळी समई आता मोडीत जाईल. त्यांनी ती पदरानं पुसली आणि लुगड्याच्या पेटीत ठेवली. "ही समई देणार न्हाई कोणाला. दुर्गानं घासलेली हाय." माझ्याकडे न पाहता.

ही बाई रडते का? माझ्यासमोर तर कधी रडली नाही. मला तिचा इतका राग करून चालेल का आता?

७ सप्टेंबर

काल जाफराबादच्या गणपती मंडळात व्याख्यान. अध्यक्ष सर्जेराव दिवा पाहून गेले होते. आग्रह असा की, "स्टेजवरच दाखवा बाई, लोकाईला पटंल." दिवा चतुराबाईंच्या घरून आणला, टेबलावर ठेवला. तुडुंब गर्दी, बायका जास्त. समोर तांब्या ठेवला. हात बुडवला, ओला तळवा वर करून दाखवला, पाकळी फिरवली, बल्ब काढून उंच धरला!

मग बोलले. हात आपोआप वर गेला, आवाज आपोआप चढला. "बायांनो, तुमच्या देवापुढचा दिवा विझवू नका! मी विझवायला सांगायला आलेली नाही! चालू दिव्यातला बल्ब बदला — काही होत नाही! या दिव्यात काही होत नाही! कारण या दिव्यात तुमच्या जिवाचा विचार केलेला आहे!"

असल्या टाळ्या मला कधी पडल्या नाहीत. म्हाताऱ्या बायकांनी उठून माझ्यावरून बोटं मोडली. सर्जेराव म्हणाले, "बाई, तुमचं आजवर ऐकलं समदं. पटलं ते आज."

आज सकाळपासून कसंतरी वाटतं आहे. आयुष्यभर 'विझवा' म्हणत आले. टाळ्या पडल्या त्या 'विझवू नका'ला.

९ सप्टेंबर

काल महालक्ष्म्या बसल्या. आज जेवण. बोलावणं होतं, गेले नाही. त्या खोलीत मला उभं राहता येणार नाही. शाळेत गेले. फळ्यावर तारीख लिहिली आणि खडू मोडला.

११ सप्टेंबर

शिवाजी कंडक्टरनं खिडकीतूनच ओरडून सांगितलं. "बाई! जाफराबादहून निरोप हाय! मधला बल्ब गेल्ता म्हणे. सूनबाईनं बदलला. समदं बराबर!"

मधलाच.

बेबीनंदा जिवंत आहे. स्टँडवर बाकड्यावर बसून राहिले, समोरून गाड्या गेल्या. आनंद व्हायला हवा होता. मनात एकच येत राहिलं: एवढंच होतं. नखाएवढी पट्टी. दुर्गाला एवढंच हवं होतं.

१६ नोव्हेंबर

काकासाहेब येऊन गेले. जालन्यात त्यांचं लायटिंगच्या सामानाचं मोठं दुकान आहे. मांडवात दिवा पाहिला म्हणे. गिऱ्हाईक विचारत येतं, 'बाईंचा दिवा' आहे का. शेकड्यानं बनवू या म्हणाले. क्षणभर मला सगळं लख्ख दिसलं. घराघरात! प्रत्येक ओल्या हाताखाली! मी कागद काढायला उठले.

"एक बारीक बदल करावा लागंल," ते म्हणाले. "आतली ती पट्टी काढू. बसवायला फार टाइम खाते. पाकळी ठेवू, लाकूड ठेवू, बल्ब कोणताही बसंल. दिसायला सेम टू सेम. आतलं कोण बघून राह्यलंय?"

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. पट्टीशिवाय हा दिवा म्हणजे खून, हे नक्की म्हणाले. तुम्ही माणसं आहात का, हेही. गल्लीतली माणसं दारात जमली.

काकासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. वर म्हणाले, "वा! काय बोलता बाई तुम्ही! ऐकत राहावं वाटतं." चप्पल घातली. "बरं, तुमची मर्जी नसंल तर नसू द्या."

फार सहज म्हणाले.

२३ नोव्हेंबर

कडूबाला विचारलं. "आल्ते माझ्याकडं. मी न्हाई म्हणलो. तुम्हाला तोंड दाखवायचं हाय मला. पण बाई, जालन्यात लेथ काय माझी एकट्याचीच हाय का?"

५ डिसेंबर

विजेच्या ऑफिसात गेले. साहेब हसतमुख. "दिवा अजून बाजारात नाही, तर तक्रार कशाची घ्यायची बाई?"

१८ जानेवारी १९९८

जालन्यात महिला मेळावा. सगळं सोडून पट्टीवर बोलले. पाकळी कशी फिरवायची, पट्टी कशी तपासायची, नसेल तर दिवा दुकानदाराच्या तोंडावर फेका! बायका चुळबुळत होत्या. संयोजकांनी चिठ्ठी पाठवली: 'विषय स्त्रीमुक्ती आहे.' एक जण उतरताना म्हणाली, "बाई, तो बल्ब काढून दाखवा ना, तुमचं ते फार भारी असतं म्हणे."

८ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

२९ ऑगस्ट १९९८

जालन्याच्या स्टँडवर बेबीनंदा भेटली. उद्या महालक्ष्म्या बसणार, सामान घ्यायला आली होती. दिवस गेलेत तिला, चेहरा भरलाय. भर गर्दीत वाकून पाया पडली. "ताई, परवा जेवायला यायचंच. आत्याबाईनं सांगितलंय, उमाबाई दिसली तर सोडून येऊ नको." दुर्गाच्या घरचं बोलावणं, आणि मला पहिल्यांदाच जावंसं वाटलं.

गाडी लागली. पायरीवर चढता चढता वळून म्हणाली, "सांगायचंच राह्यलं! माझ्या धाकट्या बहिणीचं लगन झालं ना वैशाखात, मंठ्याला दिली. रुखवतात तुमचाच दिवा ठेवला, ताई! बाजारात भेटून राह्यला आता. तिच्या हातच्या पहिल्याच महालक्ष्म्या. तिला बराबर सांगून ठेवलंय, बल्ब गेला तर भिऊ नको, चालू ठेवूनच बदल. उमाताईनं स्टेजवरून सांगितलंय, काही होत न्हाई."

पट्टीचा दिवा मी एकच बनवला होता.